मशीनले न विचारता

अमरावती, इतवार

आदरणीय साडभाऊ डोमाजी यांस,

लहान्या साडभाऊ ललितचा जयभीम. तुमची शुगर बरी असन, दुर्गाताईचे गुडघे चालत असतीन. आमच्याकडं सारे खुशाल आहेत, एक मी सोडून. मी जळून राहिलो.

काहून, ते तुमाले माहीत आहे. आपल्या दोघाइच्या सासूबाई तुमच्याकडं अकोल्याले राहतात. त्याइच्या पंचाहत्तरीसाठी मी आपल्या त्या जुन्या कम्प्युटरवर (शाळेच्या भंगारातून तुमी एक घेतला, मी एक, कॅसेटवरून चालते तोच) प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर ‘माणिकबाई’ असं मोठं नाव, वरून फुलं, संगं बाजा. तेवढं झालं की साऱ्यांसमोर म्हणाचं होतं, आता आमच्याकडं राहाले चाला. माझ्या बायकोचा, मायाचा, जीव अडकला आहे त्याच्यात, भाऊ.

तुमी फोनवर म्हटलं होतं, फर्मवेअरच्या मार्फत जा. म्हणजे कंपनीनं मशीनच्या पोटात बसवलेला जो कारभारी आहे, त्याले सांगाचं की बाप्पा, इथं फूल काढ. तो आपल्या चालीनं काढते. पण काय ते चाल! एक फूल खाली येईपर्यंत चहा उकळून जाते. मी जिंदगीत कोणाच्या मार्फत गेलो नाही (बदलीच्या वक्तालेही सरळ साहेबाच्या खोलीत घुसलो, मेळघाटच्या जंगलात धारणीले पाठवलं, ते गोष्ट अलग). म्हणून कारभाऱ्याले बाजूले सारलं आन सरळ पडद्याच्या मेमरीत हात घातला. माझ्या मशीनवर फुलं भन्नाट पडली!

अन् पंचाहत्तरीच्या दिवशी, तुमच्या घरी, तुमच्या मशीनवर? तुमचं मॉडेल नंतरचं, त्याच्या पोटातली मांडणीच दुसरी. नावाच्या चिंध्या झाल्या, फुलं आडवी पळाली. मी बाजा समजून जिथं ठोकून राहिलो होतो, तिथं तुमच्या मॉडेलात कॅसेटची मोटर, बाज्याऐवजी तेच खडखडली! सारे सोयरे पोट धरून हासले. मंग तुमी खिशातून स्वतःची कॅसेट काढली, फर्मवेअरवाली. एकेक फूल टपकत गेलं अन् लोकं टाळ्या वाजवत गेले. खिशातून! म्हणजे मी पडीन हे तुमाले माहीत होतं. मंग मॉडेल दुसरं आहे हे सांगाले काय झालं होतं? (सांगतलं होतं म्हणता. असन. मी ऐकून नाही राहिलो हे दिसत होतं ना? मंग जोरानं सांगाचं!)

त्यातच मी अमरावतीचं काढलं. सासूबाई म्हणाल्या, "जो मशीनले विचारत नाई, थो मले काय विचारन?" पुन्हा सारे हासले. माया नाही हासली.

तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवला तर माझं नाव बदलून टाकजा.

तुमचा, नाइलाजानं,
ललित

ता. क. तुमची ते कॅसेट पाठवून द्या. हळू आहे, तरी चालते.

आणखी एक. मी फोन केला की सासूबाई ठेवून देतात. तुमचं ऐकतात. तुमीच विचारून पाहा, येतीन काय म्हणून. माया त्याइची खोली रोज झाडते.

खोलीले मी कोणाले न विचारता जांभळा रंग मारला आहे. त्याइले कोणता आवडते, ते आधी विचारजा. घाई नाही. मी थांबतो.