राक्षसाचे डोके विसर्जनापूर्वी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, रोहा, जि. रायगड.

अर्जदार : दिनानाथ महिपती मोकल, चालक व नट, भोगावती नाट्यमंडळी, पेण.

विषय : खारकोंड येथील शाळेत देव म्हणून बसवलेले राक्षसाचे डोके माघी पौर्णिमेपूर्वी मंडळीच्या ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर शाळेच्या वर्गात नाटक करण्यास आपण दिलेली परवानगी.
२) सदर शाळेवर दुसरे शिक्षक नेमल्याचा आदेश. (या दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हेच अर्जदाराचे म्हणणे आहे.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार निवेदन करतो की, त्याची मंडळी म्हणजे चार माणसे, एक टेम्पो आणि एक ढोलकी. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शाळांमध्ये जाऊन जुनी, अभिजात नाटके वर्गातच करायची, असे हे काम. बाके भिंतीला सारायची, फळ्याला अरण्य म्हणायचे, गुरुजींच्या टेबलाला गुहा. पडदा नाही, माईक नाही. त्यात राक्षसाचे एक फार जुने नाटक आहे. राक्षस भुकेला आहे, गावाकडे जेवण मागतो, गाव देत नाही, तो दांडगाई करतो आणि शेवटी मरतो. मारण्याचे काम सुजय करतो, मरण्याचे अर्जदार. नितेश ढोलकी आणि टेम्पो सांभाळतो, उरलेला सगळा गाव एकटी सुरभी करते.

२. राक्षसाचे डोके कागदाच्या लगद्याचे असून ते जोहे येथील दाजी यांच्या गणपतीच्या कारखान्यात तयार झाले. त्याच्या डोळ्यांची आखणी अर्जदाराची पत्नी शांती हिने केली. आखणी म्हणजे रंग सुकल्यावर शेवटी बारीक कुंचल्याने डोळे काढणे. ते काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत. शांतीने जन्मभर तेच केले. अर्जदाराने तिला बजावून सांगितले होते की, बाई, हा राक्षस आहे, डोळे क्रूर काढ. तिने काढले, पुसले, पुन्हा काढले, पुन्हा पुसले. शेवटी जे उतरले ते पाहून अर्जदाराने कपाळाला हात लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असे लोक म्हणतात. इथे करायला गेलो राक्षस आणि झाला गणपती. शांती म्हणाली, "माझ्या हाताला दुसरे डोळे येतच नायत." अर्जदार तेव्हा चिडला होता. पण पहिल्याच प्रयोगाला हा मायाळू डोळ्यांचा राक्षस मेला आणि अख्खी चौथी रडली. एका मुलीने विचारले, त्याला आधीच जेवायला का नाही दिले? साहेब, जुन्या नाटकातून मुलांना जे कळावे म्हणून हा सगळा खटाटोप, ते त्या डोळ्यांनी एका झटक्यात केले. तेव्हापासून अर्जदार त्या डोळ्यांच्या आत शिरून फक्त मरण्याचे काम करीत आला आहे.

३. खारकोंडचा प्रयोग उत्तम झाला. परतताना टेम्पोने दगा दिला. मंडळी धाटावच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटलेल्या पोरांच्या दुचाकींवर मागे बसून रोह्यापर्यंत आली. डोके भाताच्या पोत्याएवढे, ते दुचाकीवर येईना, म्हणून मुख्याध्यापिका मनस्वी मॅडम यांच्या संमतीने वर्गातल्या टेबलावर ठेवले. एवढाच काय तो गुन्हा. टेम्पो दुरुस्त करून अर्जदार डोके आणायला गेला, तेव्हा त्याच्यापुढे निरांजन होते, गळ्यात जास्वंदीचा हार होता आणि शाळेच्या खिचडीचा पहिला घास द्रोणात वाढलेला होता. नाटकात बिचारा जे मागून मागून मेला, ते त्याला इथे न मागता मिळत होते.

४. कारण असे की, शाळेला दुसरे शिक्षक नव्हते. गावाने निवेदने देऊन देऊन हात टेकले होते. आणि डोके टेबलावर ठेवल्याच्या दुसऱ्याच सकाळी आदर्श गुरुजी आपल्या कार्यालयाचा आदेश घेऊन हजर झाले. गावाने दोन अधिक दोन केले आणि उत्तर देव आले. गुरुजी भला माणूस. त्यांनी खिशातून आदेश काढून दाखवला, तारीख वाचून दाखवली, सांगितले की हा नाटकाच्या आधी निघाला आहे. त्यावर गावातल्या वयस्कर बायजाबाई म्हणाल्या की, निघाला असेल, पण इतके दिवस पोचला का नाय? गुरुजींनी आदेश घडी करून खिशात ठेवला. आता तेही वर्गात शिरताना नमस्कार करतात. म्हणतात, गावात राहायचे आहे.

५. अर्जदाराने समजावण्याची शर्थ केली. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, सोंड नाही, उलट सुळे आहेत, हे दाखवले. बायजाबाई स्वतः हमरापूरला गणपतींचे रंगकाम केलेल्या. त्यांनी जवळ जाऊन पाहिले आणि निकाल दिला, "डोळे आखलेत ना? मंग देवच हाय त्यो."

शेवटी, सांगायला लाज वाटते, अर्जदाराने ते डोके स्वतःच्या डोक्यात घालून शाळेच्या अंगणात डरकाळी फोडली. मी माणसे खातो, असे तीनतीनदा ओरडून सांगितले. समोरच्या बायांनी पदर सावरून नमस्कार केला. बायजाबाईंनी अर्जदाराच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाल्या, खा बाबा, पण पोरांना पास कर. अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ भूमिका केल्या. इतकी सपशेल कोणतीच पडली नव्हती.

६. मनस्वी मॅडम यांच्याविषयी तक्रार नाही. त्या म्हणतात, पूर्वी भातकापणीला निम्मा वर्ग रिकामा असायचा, आता एक पोर चुकत नाही; मी कोणत्या तोंडाने देव उचला म्हणू? धाटावला पहिल्या शिफ्टला जाणारे बापसुद्धा आधी शाळेत डोकावून जातात. त्यांचे खोटे नाही. पण आता गावाने ठरवले आहे की, आणलेल्या देवाला निरोप द्यावा लागतो, पाहुणा जास्त दिवस ठेवू नये. सबब येत्या माघी पौर्णिमेस वाजतगाजत कुंडलिका नदीत विसर्जन. बेंजो पार्टी ठरली आहे. साहेब, ते कागदाचे आहे. पाण्यात पडले की संपले.

७. नवे करून घ्या, असे जो तो म्हणतो. दाजींनी नवे डोके दिलेही. त्याचे डोळे कारखान्यातल्या विशालने आखले. मुलगा हुशार, डोळे अगदी राक्षसाचे. पेणच्या एका शाळेत प्रयोग केला. राक्षस मरताना मुले बाकांवर चढून मारा, मारा म्हणून ओरडत होती. टाळ्या भरपूर पडल्या. सुरभीने मेकअप पुसला आणि हे नाटक मी पुन्हा करणार नाही म्हणाली. अर्जदारही तेच म्हणतो.

आणि शांतीचे म्हणाल तर, दिवाळीनंतर तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. ज्या हाताने डोळे आखले तो हात आता उशीवर ठेवला तर तिथेच राहतो. बोलणे तुटक झाले आहे. रोज संध्याकाळी एकच विचारते, डोके आले का? अर्जदार सांगतो, दौऱ्यावर आहे. नट माणूस, खोटे बोलणे जमते.

८. साहेब, या बाईने आखलेले डोळे किती घरांनी आरतीच्या उजेडात पाहिले असतील, देव जाणे. सगळे पाण्यात गेले. दरवर्षी गेले. तिने त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही; म्हणायची, जायलाच तर करतो. एवढी एकच जोडी होती जी पाण्यात जायची नव्हती. ती पेटीत ठेवायची, पुन्हा काढायची, पोरांनी पुन्हा पाहायची. तीही आता चालली. अर्जदार आपल्या पाया पडतो, ती जाऊ देऊ नका.

९. तरी विनंती अशी की, (अ) आदर्श गुरुजी शासनाच्या आदेशाने आले, राक्षसाच्या कृपेने नव्हे, असे आपल्या सहीशिक्क्याने गावास कळवावे. (आ) विसर्जनासाठी शाडूची रीतसर गणेशमूर्ती द्यायला दाजी आनंदाने तयार आहेत. ती घेऊन डोके परत द्यावे, असे आपण स्वतः येऊन सांगावे. गाव म्हणते, त्या मूर्तीने गुरुजी आणले नाहीत. पण आपण आणलेत, आपले ऐकतील. (इ) नकार द्यायचा झाल्यास कृपया टपालाने देऊ नये. घरी आलेले प्रत्येक पत्र शांती वाचून घेते.

१०. शेवटची विनंती आता निरर्थक आहे, तरी खाडाखोड नको म्हणून तशीच ठेवली आहे. अर्ज पुरा झाल्यावर सुरभी तो तपासण्यासाठी मोठ्याने वाचत होती, आणि आतल्या खोलीत शांती जागी होती. तिने हाक मारली. अर्जदाराला वाटले, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिने अर्ज मागितला आणि पेन मागितले. "एवढं एक ठेवा म्हनावं," एवढेच म्हणाली, आणि डाव्या हाताने लिहू लागली.

सबब अर्जदाराच्या सहीशेजारी जे दिसते तो शाईचा डाग नाही. तो डोळा आहे. दुसरा काढायला तिचा हात पुरला नाही. कार्यालयाने तो डाग समजून अर्ज परत करू नये.

आपल्या दारात हात जोडून उभा,

(सही) दिनानाथ महिपती मोकल
सहअर्जदार : शांती दिनानाथ मोकल (सहीऐवजी वरीलप्रमाणे)

पेण, दि. ६ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) प्रयोगाच्या परवानगीची प्रत. २) डोक्याचे छायाचित्र, हार घालण्यापूर्वीचे. ३) बायजाबाईंनी दिलेला नारळ, न फोडलेला, परत करण्यासाठी.