भारद्वाजाच्या नावाचे पेढे

प्रिय अण्णा,

सोमवारी जेसीबी येणार आहे, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. बाग जाणार हे मुलांना अजून कुणी सांगितलेलंच नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, "तूच सांग, तुझं ऐकतात ती." वा! सातबाऱ्यावर माझं नाव नाही, करारावर माझी सही नाही, मला कुणी विचारलंही नाही. सांगायला मात्र मी!

आणि सांगू तरी कसं? पळस्प्याला चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण आपल्या कुंपणाच्या आत ईशा आणि सोहमचं वेगळंच राज्य. कढीलिंबावर सुरवंट दिसला की तुम्ही दोघांना दप्तरासकट थांबवायचात. बाहेर शाळेची रिक्षा हॉर्न वाजवतेय आणि आजोबा-नातवंडं उकिडवी बसलेली! मी ओरडले की म्हणायचात, "सूनबाई, शाला कुठं पलून जात नाय."

धामण निघाली तेव्हा शेजारचे काठ्या घेऊन आले होते. तुम्ही आडवे उभे राहिलात. "आमची राखनदार हाय ती." तेव्हापासून सोहमची भीती गेली ती गेलीच.

कुंपणात भारद्वाज दिसला की डोळे मिटून मागणं मागायचं, हेही तुमचंच. त्या दिवशी ईशाने मोठ्याने मागितलं, "आमची बाग अशीच राहू दे." तुम्ही घरात गेलात, पेढ्यांचा बॉक्स आणलात आणि दोघांना एकेक पेढा भरवलात. "भारद्वाज पावला! आता बागेला कोन हात लावनार नाय."

अण्णा, ते पेढे बिल्डरचे होते! तासाभरापूर्वी ओटीवर बसून तुम्ही त्याला जागेचा शब्द दिला होतात, म्हणून त्याने आणलेले. मला हे तुमच्या तेराव्यानंतर भावोजींकडून कळलं.

का हो असं केलंत? दोघा भावांचं पटत नाही, दोघांना वेगळे फ्लॅट मिळावेत, हे मला समजतं. रोजची धुसफूस मीही बघतेच की. पण नातीला नाही म्हणवेना म्हणून पेढा? भयंकर राग येतो तुमचा. आणि लगेच रडूही येतं, कारण तिच्या तोंडाकडे तुम्हाला बघवलं नसणार.

काल ईशा म्हणाली, "आई, या सुट्टीत शिंपी पक्षी परत पानं शिवेल ना? आजोबा नाहीत, तर मी सोहमला घरटं दाखवीन." मी पोळ्या लाटत राहिले. कोंडल्यासारखं झालंय मला. सांगितलं तर तुम्ही खोटे ठरता, नाही सांगितलं तर मी. उठून माहेरी जावं, तर पोरं शाळेतून घरी येऊन काय बघतील?

म्हणून आज ती आली की दोघांना पेरूखाली बसवून सगळं सांगणार आहे. पेढ्यांचंसुद्धा. तुमची बाजूही सांगेन, अगदी मनापासून सांगेन. पण गोड करून नाही सांगणार.

ईशा तुमच्यावर चिडेल. मी तिला ओळखते, ती तुमच्या फोटोवरचा हार काढून ठेवील. शब्द देते अण्णा, मी तिला रागावणार नाही आणि तो हार तिच्यामागे पुन्हा चढवणारही नाही. तिला वाटेल तेव्हा तिनेच चढवावा. तोवर तुम्ही तसेच राहा.

तुमची सून,
वैशाली