दोघांत एक कुलूप

प्रिय लंबू,

त्या मंगळवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले, डबा घेतला आणि तुझ्याआधी पाच मिनिटं कारखान्यात पोचलो. जनावरांचं खाद्य कालवायच्या मोठ्या मिक्सरची सफाई होती. भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्याला मी माझं लाल कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. तू मागून आलास आणि रोजचंच म्हणालास, महाराज आत तर आम्हीही आत.

आत जितकी माणसं तितकी कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही, हे आपल्याला तोंडपाठ होतं. पण तुझं कुलूप अकरा वर्षं तुझ्या सायकलला होतं. चार दिवसांसाठी म्हणून नेलंस ते नेलंसच. सुरुवातीला मी टोकलं, मग सोडून दिलं. खरं सांगू? मला थोडा अभिमानच वाटायचा, की हा एवढा उंच माणूस माझ्या कुलपाच्या भरवशावर पात्यांमध्ये उतरतो.

माझं बरं चाललं आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, बोल्ट आवळतो. तुझ्या जागी आलेला माणूस फार बोलका आहे, पण तो काय बोलला ते संध्याकाळी आठवत नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हा मागायला काही सुचत नाही. दिवा नीट तेवतोय ना, एवढं पाहून वळतो.

दवाखान्यात तुला भेटायला आलो, तेव्हा उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट होती. मी खिडकीकडे बघत राहिलो. तू माझं मनगट धरून म्हणालास, "तू काही बोलायचं नाहीस. माझं जायचं ते गेलं. तुझ्या पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे." मी मान हलवली. आठवड्याने साहेबांनी चौकशीचा कागद पुढे केला. कामगार स्वतःचं कुलूप न लावता आत गेला, चूक त्याचीच, असं त्यात होतं. मी साक्षीदार म्हणून सही केली. कागदात एकही शब्द खोटा नव्हता.

तू नवा पाय बसवून घ्यायला तिकडच्या दवाखान्यात गेलास, त्यानंतरच्या रविवारी तुझ्या घरी गेलो. कंपनीचं पत्र आलं होतं. नियम तू मोडलास, म्हणून तुला परत घेणार नाहीत. वहिनी चिडल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. चहा पुढे ठेवत म्हणाल्या, "तुम्ही लावलंत ना कुलूप, भावोजी? मग ह्यांच्याच हाताला काय झालं होतं?" मुलं तिथेच अभ्यासाला बसली होती. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मी चहा संपवला आणि उठलो.

एक गोष्ट मी तुलाही सांगितलेली नाही. त्या मंगळवारी सफाई आटोपून आपण दोघं बाहेर आलो होतो. मी वहीत वेळ लिहीत होतो आणि मनात नामस्मरण चालू होतं, माझी सवय तुला ठाऊक आहे. मागून तू म्हणालास, "महाराज, खरवडणी राहिली आत. आलोच." मशीनघराच्या गोंगाटात मला ऐकू आलं नसेल, असं तू धरून चालला आहेस. मला ऐकू आलं होतं. मी हं म्हटलं, आणि नाम घेता घेताच कुलूप काढलं. स्विचवरच्या माणसाला, सुरू कर म्हणून, हात मीच केला.

काल कामावर न जाता सरकारी निरीक्षकांच्या कचेरीत गेलो आणि हे सगळं माझ्या अक्षरात लिहून दिलं, त्या 'हं'सकट. नोकरी जाईल, कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पोरीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती म्हणाली, जा बाबा. कचेरीतून तुझ्या घरी गेलो आणि वहिनींना मुलांसमोरच सांगितलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. हे पत्र पोचेपर्यंत तुला काही कळवू नका, एवढीच विनंती करून निघालो. तुला दिलेला शब्द मी मोडला आहे. जबाबाची प्रत सोबत आहे.

तुझाच,
महाराज