मंजूर, पण नाक मोठं हवं

३ सप्टेंबर
फुटबॉल क्लबचा प्रसिद्धीप्रमुख म्हणून बिनविरोध निवड. दुसरं कोणी उभंच नव्हतं, असं बायको म्हणाली. तिला बिनविरोधचा अर्थ कळत नाही. संकल्प: घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला नवं पोस्टर, खऱ्या चित्रकाराकडून. नियमही केला. माझी सही असल्याशिवाय एकही रफ छापखान्यात जाणार नाही.

११ सप्टेंबर
पहिले चित्रकार, साइनबोर्डवाले पेंटरकाका. चाळीस वर्षांचा अनुभव. चेंडू गोल वाटत नाही म्हणालो. त्यांनी कंपास लावून दाखवला. म्हटलं, कंपासचं काय घेऊन बसलात, डोळ्याला गोल वाटला पाहिजे. सातव्यांदा काढताना त्यांचा हात थरथरला. हात थरथरत असेल तर माणसाने घरी बसावं, असं चारचौघांत स्पष्ट सांगितलं. ते गेले. रंगाचा डबा विसरले. कलावंत विसराळूच.

२ ऑक्टोबर
दुसरे, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. मी अकराच्या अकरा खेळाडू, अध्यक्ष आणि अध्यक्षांच्या सौभाग्यवती एकाच पोस्टरवर मागितले. मग चेंडू कुठे ठेवू, म्हणाले. नाकापेक्षा मोती जड. काढून टाकलं. मॅच पोस्टरविना झाली, हरलो. दोष उघडच मास्तरांचा.

१९ ऑक्टोबर
तिसरी एक तरुण इलस्ट्रेटर. पेंटरकाकांची पुतणी निघाली, योगायोग. अखेर एक नम्र कलावंत मिळाली. मी बोलतो, ती एकटक बघते आणि वहीत उतरवून घेते. मध्येच म्हणाली, मान जरा डावीकडे करता का. उजेडाचं काहीतरी असेल.

२६ ऑक्टोबर
रफ आलं. खेळाडू पेनल्टी घ्यायला उभा. त्याच्या बुटाशी वाकून एक ढेरपोट्या इसम बोट नाचवत किक कशी मारायची ते समजावतोय. वाट बघून गोलकीपर झोपलाय, पंचांची दाढी वाढलीय. इसम म्हणजे समोरच्या टीमचा मॅनेजर, हुबेहूब. समासात लिहिलं: नाक मोठं करा. ढेरी वाढवा. चेहऱ्यावर आणखी मूर्खपणा हवा. तिने तिथेच पेन्सिलीला टोक केलं.

२ नोव्हेंबर
पाचव्या रफवर सही. मंजूर. पोस्टर गावभर लागलं. लोक त्याच्यासमोर थांबतात, मग माझ्याकडे बघून हसतात. यश पचवता आलं पाहिजे.

५ नोव्हेंबर, सकाळ
आईने एक पोस्टर मागून घेतलं, पलंगासमोर लावलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवाच दारात मला बघून 'आज दूध नको' म्हणाली होती. पोस्टरकडे बघून म्हणाली, "तुझं चित्र छान आलंय रे. नाक अगदी वडिलांवर गेलंय."

दुपार
बायकोला विचारलं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग सांगितलं का नाहीस?
"सही केली होतीत ना. मला वाटलं, हौसेने काढून घेतलंय."

८ नोव्हेंबर
क्लबची सर्वसाधारण सभा. पोस्टर मागे घ्या, ही बदनामी आहे, असं ठणकावलं. सेक्रेटरींनी पाचही रफ टेबलावर मांडली. समासात माझंच अक्षर. 'आणखी मूर्खपणा हवा' त्यांनी मोठ्याने वाचलं. सगळे पोट धरून हसले. मागच्या रांगेत पेंटरकाका होते. फक्त ते हसले नाहीत, हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले. तेव्हा लाज वाटली. नवी प्रसिद्धीप्रमुख: पुतणी. बिनविरोध. माझा विरोध मोजला नाही.

१५ नोव्हेंबर
मॅच. क्लबने ते चित्र टी-शर्टवर छापलंय. गेटवरच्या वॉचमनच्या छातीवर मी. त्याने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. घरी राहिलं होतं. रांगेत उभं राहून तिकीट काढलं. तिकिटावरही मीच. वॉचमनने ते बरोबर नाकावर फाडलं आणि अर्धं परत दिलं.