बाईच्या गोळ्या आणि घरची हळद

४ फेब्रुवारी
आज शेतातल्या आखाड्यावर हळद शिजवायचा कुकर लागला. कामाची ही गर्दी, अन् ह्यांनी जाहीर केलं — बाईच्या गोळ्या बंद! बाई म्हणजे माझ्या सासूबाई, गोजरबाई. वर्षापासून विसरून राहिल्यात सगळं, गोळ्या त्याच्याच.

हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर संशोधन चालू आहे म्हणे. "औषध आपल्याच रानात, मंग विकत काहून आणायचं?" मी म्हटलं, नांदेडचे डॉक्टर काय बोलले होते? हळद खुशाल खाऊ द्या, पण ती फारशी अंगी लागत न्हाई, माणसांत गुण अजून सिद्ध न्हाई, गोळी सोडू नका. ऐकतंय कोण!

१२ फेब्रुवारी
घरखर्चाची हळद आमी पॉलिश करत न्हाई. तीच दळली. मिरपूड घालून दुधातून देते. बाई मुकाट पितात.

१ मार्च
आज बाईंना भाकर थापता येईना. पिठाचे हात तसेच धरून रडल्या. मीही रडले. गोळी सुरू करा म्हटलं तर हे म्हणाले, "धीर धर. हळदीला वेळ लागतो." स्वतःची आई आहे, वाईट कसं करतील? ठेवला विश्वास.

९ मार्च
ह्यांचा सदरा धुवायला घेतला अन् खिशात गोळ्यांची पट्टी निघाली. बाईच्याच गोळ्या, निम्म्या संपलेल्या! वाटलं, चोरून देतात आईला. किती बरं वाटलं मला! मूर्ख मी, उगीच ह्यांच्यावर राग धरला होता!

१० मार्च
डोळ्यांनी पाहिलं. आंघोळ झाली अन् गोळी स्वतःच्या तोंडात! चिठ्ठी बाईच्या नावाची, मेडिकलवाला एका माणसापुरतंच देतो. म्हणजे आईच्या तोंडची काढून घेतली! तिला हळद, स्वतःला गोळी. अन् मला महिनाभर दूध उकळायला लावलं. डोकं तल्लख करायचंय वाटतं साहेबांना! असा दगा परक्यानंही दिला नसता. आज ताट वाढलं न्हाई.

११ मार्च
पट्टी समोर आपटली. मी किती बोलले! मग हे हळूच म्हणाले,

"शिवकन्या, वसमतच्या बाजारात हळद घालून येताना आपल्या गावचा फाटा मला वळखू येत न्हाई. दिवाळीपासून. कोणाला सांगू नको."

उद्या दोघांनाही नांदेडला नेते.