सरोजम्माकडे ठेवलेली पिशवी

शनि. ३ ऑगस्ट ९६

॥ श्री ॥ देविकाला सी.ए.च्या ऑफिसातून बोलावणं. सोमवारी साडेनऊ, एम. जी. रोड. आर्टिकलशिपसाठी, म्हणजे उमेदवारीसाठी. तीन ठिकाणी ‘परदेशी मुलगी नको’ म्हणाले, हे शेवटचं राहिलंय. घेतलं तर तीन वर्षं इथं राहून सी.ए. होईल. नाहीतर पोलिसांकडचा राहायचा परवाना महिनाअखेर संपतो आणि मॉरिशसला परत, वडिलांच्या कापडदुकानात. त्यांनी १४ तारखेचं तिकीट पाठवूनही दिलंय. ‘बी.कॉम. झालं, पुरे, ये आता.’

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सांगितलं म्हणून तीन वर्षांपूर्वी पुढची खोली दिली. आता घरातलीच झालीय. मराठी तिकडे शाळेत शिकलेली, त्यामुळे ‘मी स्नान करून येत आहे’ असं बोलते. हे म्हणतात, घरात आकाशवाणी ठेवलीय.

रवि. ४

पंचांग पाहिलं. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. हिला निघायला हवं सव्वाआठला. म्हटलं, सातलाच बाहेर पड. तर म्हणते, “काकी, तिथे जाऊन दोन तास कुठे बसू? रस्त्यावर?” तेही खरंच.

मग सुचलं. प्रस्थान ठेवू. आमच्या आईकडे ठेवायचे. वेळ वाईट असली की जायच्या सामानातलं काहीतरी आधीच शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस चांगल्या वेळी निघालं असं धरतात. मग निघताना तिथून उचलायचं.

देविका हसली. “देव हे मानतो? अ‍ॅडव्हान्स एंट्री?” म्हटलं, मानतो. तुमच्यात नाही का? म्हणाली, “आजीला माहीत असेल.” पण ‘नको’ नाही म्हणाली.

हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, “अगं, इतकी वर्षं बेंगळुरात राहून राहू इथल्यांचा घेतलास आणि प्रस्थान आपलं. दोन्हीकडचं पुण्य पाहिजे बाईला.” लक्ष दिलं नाही.

सोम. ५

सव्वासातला पिशवी सरोजम्माकडे नेली. हळदकुंकू लावून, वर सुपारी. पलीकडचं दार, बाई एकटी राहते, सकाळी कुठे जात नाही. “सरी अक्का, इथेच असू दे,” म्हणाली. पिशवीत देविकाची फाईल होती, सगळी मूळ मार्क्स कार्डं, म्हणजे गुणपत्रिका. रुमालसुद्धा चालला असता. पण फाईल म्हणजे मुख्य वस्तू, तीच चांगल्या वेळी निघायला हवी असं मला वाटलं.

पूजेला बसले. पूजा संपेपर्यंत बोलत नाही, लग्नापासूनचा नेम. अर्ध्यात सरोजम्माची हाक आली. “अक्का! अक्का, स्वल्प बन्नि!” जरा येऊन जा म्हणत होती. घंटा जोरात वाजवली, म्हणजे तिला कळावं मी पूजेत आहे. हे अजून झोपलेले, देविका न्हाणीत.

उठून पाहते तर शेजारी हे एवढं कुलूप. खालच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, तुमकूरला मुलीच्या पोटात दुखायला लागलं, जावयाचा फोन आला, बाई तशीच रिक्षात बसून गेली.

देविका साडी नेसून दारात उभी. कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रिकाम्या हाताने गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी आली. प्रश्न सगळे आले म्हणाली. मग मोठ्या साहेबांनी मूळ मार्क्स कार्डं मागितली.

“शेजारी आहेत, असं मी म्हणाले.”

“मग?”

“कुलपात का, असं विचारलं. मी खरं सांगितलं. राहुकाळ होता.”

“हसले का गं?”

“नाही काकी. घड्याळ बघितलं.”

बुधवारी पाचपर्यंत आणून दाखव, म्हणालेत. त्याच जागेसाठी इथला एक मुलगाही आहे.

हे म्हणाले, पीण्याच्या आमच्या कारखान्यातला माणूस आणतो, कुलूप दोन मिनिटांत तुटेल. म्हटलं, नाही. एकट्या बाईचं घर, तिच्या माघारी फोडायचं? “मग राहूला सांग उघडायला,” म्हणाले आणि पाळीवर गेले.

मंगळ. ६

तुमकूरला गेलो, मी आणि देविका. पत्ता नाही. जावयाची स्टँडजवळ पिठाची गिरणी आहे एवढंच ठाऊक. पंचांग उघडलं नाही. पूजा थोडक्यात उरकली, तेही लिहून ठेवते.

बसमध्ये देविका खिडकीकडे तोंड करून. मधेच म्हणाली, “काकी, आज राहुकाळ किती वाजता?” मी ऐकलंच नाही असं केलं. मग दोघींनाही हसू आलं. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं, तिनं पाहिलं नसावं.

दुसऱ्या गिरणीत जावई सापडला. सरोजम्माने कपाळाला हात लावला. “अय्यो अक्का! पिशवी परत द्यायलाच हाका मारत होते की! तुमची घंटा थांबेना. मग घाईत तीही आत राहिली, कुलूप लावून पळाले.” कमरेची किल्ली काढून दिली. मुलगी झालीय. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळाच्या हातावर पाच रुपये ठेवून निघालो.

रात्री हिशेबाची वही काढली, बसभाडं कुठल्या खात्यात घालावं कळेना. घरखर्च नव्हे. ‘देवकार्य’मध्ये घातलं, घोळ तिथेच झाला होता. देविका वाकून बघत म्हणाली, “देवाला डेबिट केलंत की क्रेडिट?” गप्प बस म्हटलं.

पिशवी मिळाली. सुपारी अजून वर होती.

बुध. ७

अकरालाच जाऊन आली. मोठ्या साहेबांनी कार्डं स्वतः पाहिली, झेरॉक्स ठेवून घेतल्या. “पत्र टाकू,” म्हणाले. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही.

“चेहरा कसा होता त्यांचा?”

“सी.ए.सारखा.”

शुक्र. ९

पत्र नाही. पोस्टमन दोनदा दारावरून गेला.

संध्याकाळी एस.टी.डी. बूथवर वडिलांशी बोलली. मी बाहेर बाकावर. काचेतून दिसत होतं, ती ऐकतेय जास्त, बोलतेय कमी. बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा म्हणतात, तिथल्या बँकांतही नोकऱ्या निघतात आता. सी.ए.च कशाला व्हायला पाहिजे?”

“तू काय म्हणालीस?”

“मी विचारलं, आई कशी आहे.”

गणपतीपुढे बसले. तिला इथं ठेव म्हणू की सुखरूप घरी पोचव म्हणू? तिची आईही तिकडे नवस बोलली असेल. नुसते हात जोडून उठले.

शनि. १०

पत्र नाही. तिकीट निघायच्या तीन दिवस आधी पक्कं करावं लागतं, नाहीतर जागा दुसऱ्याला देतात. तीन दिवस आधी म्हणजे उद्या. उद्या रविवार, विमान कंपनीचं ऑफिस बंद. म्हणजे आजच काय ते.

जेवताना म्हणाली, “काकी, तुम्ही सांगा.” मी म्हटलं, मी सांगितलेलं एकदा ऐकलंस, तेवढं पुरे. हे म्हणाले, “पक्कं करून ठेव बाळ, शहाणपण त्यातच. पत्र आलं तर रद्द करता येतं.” बरोबरच बोलले. ती हो म्हणाली. दोनला निघाली. मी वेळ पाहिली नाही.

पाचला परत. पाय धुऊन माझ्यासमोर बसली, घेवडा निवडायला घेतला. शिरा काढायला अजून नीट येत नाही तिला.

“झालं का गं?”

“खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पक्कं करू का. मी म्हटलं, उद्या येते.”

उद्या बंद असतं हे सकाळी तिनंच मला सांगितलं होतं. टोपली तिच्याकडे सरकवली.