तिच्या दोन ओळी

मंगळवार, दिवेलागण

प्रतीक्षाच्या कोडमधल्या दोन ओळी आज खोडल्या, तिथेच सगळं बदललं.

बाबांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी भरलं की मोटर बंद करणारा कंट्रोलर प्रतीक्षाने आणि मी कॉलेजात केला होता. प्रोग्रॅमचा सी भाषेतला भाग तिचा, असेंब्ली भाषेतला माझा. आज साफसफाई करताना माझ्या फंक्शनच्या आधीची एक आणि नंतरची एक, अशा तिच्या दोन ओळी फालतू वाटल्या. उडवल्या. कंट्रोलर बांधीवर लावला, तर मोटर थांबेचना. बाबा ओरडले, "काऊन बे, बांधी फोडाची हाय का?"

मग कंट्रोलर घरी आणून शोधत बसलो. असेंब्लीत रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकड्याचा कप्पा, वापरायचा तर त्यातलं जुनं आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीत बाजूला ठेवायचं, परतताना जसंच्या तसं द्यायचं. मी ठेवलंच नव्हतं. तिने मोजलेली पाण्याची पातळी मी दर वेळी पुसत होतो आणि तिच्या त्या दोन ओळी तो आकडा गुपचूप वाचवत होत्या. प्रतीक्षाने मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भडकलोच असतो ना मी?

अर्जुनीच्या एसटी स्टँडवर शेवटचं भेटलो तेव्हा ती म्हणाली होती, "तुह्या चुका झाकून झाकून थकली मी."

"कोणत्या? एक तं दाखव!"

ती एसटीत चढली. त्याच रागात मी कॉलेज सोडलं. आता तिचं लग्न ठरलंय. फोन करून काय सांगू? सापडल्या म्हणू, त्या दोन ओळी?

माझं फंक्शन नीट केलं. तिच्या ओळींची आता गरज नाही. तरी पुन्हा लिहून ठेवल्या.

बाबा बांधीवर वाट पाहून राहिले. कंट्रोलर घेऊन निघतो. नेहमीसारखं दार आज आपटत नाही, हळूच लावतो.